पलंग कापायचा कुठे?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तयार झालेला साडेसहा बाय पाचचा पलंग चोर्ला घाट उतरून पणजीत पोचवायचा असेल, तर घाटातली वळणं ही त्यातली सोपी गोष्ट. खरी अडचण सुरू होते ती पणजीतल्या बिल्डिंगच्या दारात. लिफ्टमध्ये पलंग मावत नाही. जिन्याच्या वळणावर हेडबोर्ड भिंतीला अडतो. चार माणसं दुसऱ्या मजल्यावर घाम पुसत उभी राहतात आणि आडवा घ्यायचा की उभा, यावर वाद घालतात. हा सगळा खटाटोप कारखान्यात, कागदावर पहिली रेघ ओढतानाच टाळता येतो. त्यासाठी एकच प्रश्न नीट सोडवावा लागतो: पलंग कापायचा कुठे?

कापायचा म्हणजे तो किती तुकड्यांत आणि नेमका कुठल्या जागी सुटा होणार, हे ठरवायचं. जिथे काप, तिथे जोड आला. जोड आला की ढिलाई आली, कुरकुर आली, बोल्ट हरवण्याची भीती आली. आणि काप दिलाच नाही, तर पलंग खोलीत शिरत नाही. या ओढाताणीतून वाट काढणं म्हणजेच सुट्या पलंगाचं डिझाइन. रंग, नक्षी, हेडबोर्डवरचं मखमल हे सगळं त्यानंतर.

आधी भाड्याचा हिशोब बघू, कारण डिझाइनचं निम्मं गणित तिथेच सुटतं. पार्सल कंपन्या दोन वजनं धरतात. एक काट्यावरचं, दुसरं आकारमानाचं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि त्याला सहसा ५०००ने भागायचं. रस्त्याने जाणाऱ्या मालासाठी हा भाजक कंपनीगणिक बदलतो, पण पद्धत हीच. दोन्हींत जे वजन जास्त भरेल, त्याचं भाडं. आता आपला पलंग घ्या: ७८ बाय ६० इंच, म्हणजे १९८ बाय १५२ सेंटिमीटर, हेडबोर्ड जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच. जोडलेल्या अवस्थेत तो २७ लाख घन सेंटिमीटर जागा अडवतो. ५०००ने भागलं की आकडा येतो ५४१ किलो. लोखंडी चौकटीचा असा पलंग काट्यावर भरतो समजा ३८ किलो. म्हणजे उरलेल्या पाचशे किलोंचं भाडं आपण हवेचं भरतो.

तोच पलंग चार कोपऱ्यांत सुटा केला आणि सपाट खोक्यात घातला, तर खोकं होतं २०५ × ९५ × १२ सेंटिमीटरचं. आकारमानाचं वजन ४७ किलोच्या आत. एका फटक्यात ५४१चे ४७. आता आणखी पुढे जाऊन साइडच्या दांड्या आणि हेडबोर्डही मधोमध कापले, तर १०५ × ९२ × १४ सेंटिमीटरच्या खोक्यात सगळं बसतं आणि आकारमानाचं वजन २७ किलोवर येतं. पण काट्यावरचं वजन ३८ किलोच आहे, तेव्हा भाडं त्याचंच लागणार. दुसऱ्या कापाने भाड्यात फारसा फरक पडला नाही. तरी तो काप मला महत्त्वाचा वाटतो. पहिल्या कापाने भाडं वाचतं, दुसऱ्या कापाने जिना चढता येतो. दोन मीटर लांबीचं खोकं एकट्या माणसाला पेलत नाही, रिक्षात जात नाही, एसटीच्या डिकीतही अडचण करतं. तेच सामान एक मीटरच्या दोन खोक्यांत वाटलं, तर ती भावाबरोबर मोटारीच्या मागच्या सीटवर टाकून खानापूरला नेता येतात.

ही कल्पना नवी नाही. फर्निचर बनवणाऱ्या मिखाएल थोनेटची १४ नंबरची खुर्ची १८५९ साली आली. वाफवून वाकवलेल्या लाकडाची ती खुर्ची सुटी केली की एक घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्या बसायच्या. १९५६ च्या सुमारास आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीच्या गिलिस लुंडग्रेन यांनी टेबल मोटारीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, आणि त्या कंपनीचा सपाट खोक्यांचा धंदा तिथून वाढला असं सांगतात. आणि आपलं बाजलं? चार पाय, चार दांड्या आणि सुंभ. खिळा नाही, बोल्ट नाही. दांडीचं टोक पायाच्या भोकात बसवलेलं असतं आणि विणकामाचा ताण सगळ्या दांड्यांना आत खेचून ते जोड घट्ट धरून ठेवतो. दोरी सैल पडली की पायथ्याकडून पुन्हा ओढायची. जोड घट्ट ठेवण्याचं कामच झोपायच्या जागेवर सोपवलेलं आहे, इतका नेमका विचार आजच्या कित्येक महागड्या पलंगांत सापडत नाही.

इथे दोन प्रकारांत गल्लत होते, ती मोकळी करून घेऊ. घडीचा पलंग वेगळा आणि सुटा होणारा पलंग वेगळा. घडीच्या पलंगाला बिजागरी असते, तो एका मिनिटात मिटतो, एकही भाग वेगळा होत नाही. नवारीची लोखंडी कॉट हे त्याचं नेहमीचं उदाहरण. बेळगाव परिसरात गावोगावच्या महालक्ष्मी यात्रा काही वर्षांच्या अंतराने भरतात, आणि यात्रा आली की घरात पाहुण्यांची रीघ लागते. त्या चार दिवसांसाठी घडीची कॉट उत्तम. यात्रा झाली की मिटून माळ्यावर. पण पार्सलसाठी तीच कॉट वाईट. सहा बाय तीनची कॉट मिटल्यावर साधारण ९० × ९० × ३० सेंटिमीटर जागा घेते. आकारमानाचं वजन ४८ किलोंवर, आणि काट्यावर बारा-पंधरा किलो. घडी घातली तरी पाय, बिजागरी आणि नवार यांच्यामध्ये हवा उरतेच.

सुटा होणारा पलंग याच्या उलट. जोडायला अर्धा तास लागतो, पण खोकं सपाट होतं. मराठा लाइट इन्फंट्रीतल्या जवानाचं कुटुंब बदलीच्या गावी निघालं, चंदगडचा मुलगा बेळगावात इंजिनिअरिंगला आला आणि वर्षाला खोली बदलायला लागला, खानापूरचं जोडपं गोव्यात भाड्याने राहायला गेलं, तर त्यांना हा पलंग हवा. रोज मिटायचा असेल तर घडीचा, वर्षा-दोन वर्षांनी हलवायचा असेल तर सुटा. एकाच पलंगात दोन्ही कोंबायला गेलं की दोन्ही बिघडतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पहिला काप, म्हणजे कोपरा. हेडबोर्ड आणि साइडची दांडी जिथे मिळतात ती जागा. पलंगाचा खरा जीव या चार जोडांत असतो. बरेच जण समजतात की या जोडाचं काम वजन पेलणं. वजन पेलणं त्याला अवघड नाही. अवघड आहे ते हेडबोर्डला पाठ टेकून बसलेल्या माणसाला सांभाळणं. समजा तो माणूस २० किलोच्या जोराने मागे रेटतो आहे आणि त्याची पाठ जोडाच्या ६० सेंटिमीटर वर टेकली आहे. २० गुणिले ६०, म्हणजे १२०० किलो-सेंटिमीटरचा पीळ. दोन साइडमध्ये वाटून प्रत्येक जोडावर ६००. आता त्या जोडात वर-खाली दोन बोल्ट आहेत. ते एकमेकांपासून १० सेंटिमीटर दूर असतील, तर प्रत्येकावर ६० किलोची ओढ येते. तेच दोन बोल्ट ३ सेंटिमीटरवर जवळ-जवळ बसवले, तर २०० किलो. बोल्ट तेच, लोखंड तेच, खर्च तोच. फक्त भोकं दूर पाडली आणि जोडावरचा भार तिपटीहून जास्त उतरला. म्हणून साइडची दांडी कितीही नाजूक दाखवायची हौस असली, तरी कोपऱ्यापाशी तिला उंच पट्टी लावून बोल्ट लांब-लांब ठेवावेत.

दुसरी गोष्ट ढिलाईची. जोडात १० सेंटिमीटर उंचीमागे १ मिलिमीटर फट राहिली, तर ६० सेंटिमीटर वर हेडबोर्ड ६ मिलिमीटर हलतो. रात्री कूस बदलली की ठक्कन भिंतीला लागतो तो यामुळे. लोखंडी चौकटीत ही फट बहुधा वेल्डिंगमधून येते. वेल्ड गार होताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो, मग आधी अचूक पाडलेली भोकं जागची हलतात. यावर उपाय म्हणजे चौकट साच्यात घट्ट आवळून वेल्ड करायची, साच्यातच गार होऊ द्यायची आणि शक्य असेल तर कोपऱ्याची भोकं वेल्डिंगनंतर पाडायची. ८ मिलिमीटरच्या बोल्टाला ९ मिलिमीटरचं भोक पुरतं. भोकं जुळेनात म्हणून ती ११-१२पर्यंत वाढवत नेली, की पलंग पहिल्या दिवसापासून डुलणार. उद्यमबागेत लेझर कटिंग आणि चांगलं वेल्डिंग करणारे शेड आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलीचं दुकान काढून सुरुवात केली ती याच शहरात, आणि तेव्हापासून लोखंडाचं बारीक काम इथल्या हातांना परकं नाही. तेव्हा साचा बनवणं हे इथे अशक्य काम नाही, फक्त तेवढी शिस्त लागते.

जोड कुठला वापरायचा? लाकडात स्क्रू थेट पिळणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट. पार्टिकल बोर्डात (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीत) तर दोन-तीनदा खोललं की भोकाचा भुगा होतो. लाकडी पलंगाला बॅरल नट लावावा: दांडीत आडवं भोक पाडून त्यात पोलादी गोल नट बसवायचा आणि हेडबोर्डमधून आलेला लांब बोल्ट त्यात पिळायचा. आटे पोलादात असल्यामुळे कितीही वेळा खोला, लाकूड झिजत नाही. दुसरा पर्याय आकड्याच्या पट्टीचा. साइडच्या टोकाला निमुळते आकडे, हेडबोर्डच्या पायात खाचा. वरून अडकवायचं. माणूस बसला की आकडा आणखी खाली सरकतो आणि जोड आणखी घट्ट होतो, ही त्याची खुबी. पण झाडताना कुणी साइडला धरून पलंग उचलला, तर आकडा अलगद खाचेतून बाहेर येतो. म्हणून आकड्याच्या जोडालाही एक तरी रोखणारा बोल्ट हवाच. पलंग पहिल्यांदा कसा जुळतो हे शोरूममध्ये सगळेच दाखवतात. तो पाचव्यांदा कसा जुळेल, हे धरून जोड निवडावा.

आता दुसरा काप, आणि इथे सगळ्यात जास्त चुका होतात. साइडची दोन मीटरची दांडी मधोमध कापायची. पण दांडीवर वजन पडलं की ती सगळ्यात जास्त वाकू बघते ती नेमकी मध्यावर. म्हणजे जिथे दांडीला बळकटी हवी, तिथेच आपण तिचे दोन तुकडे करतो. बहुतेक जण यावर आत नळी सरकवण्याचा उपाय करतात. २५ बाय २५ मिलिमीटरच्या नळीत २० बाय २०ची नळी घालायची. कागदावर ठीक दिसतं. पण २५च्या नळीची जाडी १.२ मिलिमीटर असेल, तर आतली मोकळी जागा २२.६ मिलिमीटर, म्हणजे २०ची नळी आत २.६ मिलिमीटर खेळते. ती १५ सेंटिमीटर आत घातली, तरी एक मीटर लांबीवर टोक सतरा मिलिमीटरपर्यंत खाली-वर होऊ शकतं. गादी मधून खचल्यासारखी वाटते ती इथे. आतल्या नळीला पट्ट्या वेल्ड करून फट भरली किंवा बाजूने एक आवळबोल्ट लावून ती एका भिंतीला दाबली, तर काम चालतं.

त्याहून चांगला उपाय म्हणजे जोडाच्या खालीच पाय द्यायचा. दांडीचे दोन्ही तुकडे एकाच पायाच्या खोबणीत येऊन टेकले, की प्रत्येक अर्धी दांडी स्वतंत्र छोटी दांडी बनते. तिची दोन्ही टोकं टेकलेली, आणि टेकलेल्या टोकाशी वाकवणारा जोर शून्यावर येतो. जोडाला फक्त वजन जमिनीत सोडायचं उरतं, ते काम सोपं. लांबी निम्मी झाल्याचा दुसरा फायदाही मिळतो. मध्यावर तेवढंच वजन ठेवलं, तर निम्म्या लांबीची दांडी आठपट कमी वाकते. इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात, जे १९२२ साली सापडलं, तीन घड्यांचा एक पलंग होता. त्याच्या बिजागऱ्या ब्राँझच्या, आणि बिजागरीखाली जमिनीवर टेकणारा आधार. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या कारागिराने जोड आणि आधार एकाच जागी आणला होता.

एक अट मात्र आहे. हा मधला पाय जमिनीला टेकलाच पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या फरशा सगळीकडे एका पातळीत नसतात. बेळगावच्या शहापूर, वडगाव भागातल्या जुन्या घरात मधला पाय चार मिलिमीटर अधांतरी राहिला, तर पाय असून नसल्यासारखा आणि सगळा भार कापलेल्या जोडावर. म्हणून मधल्या पायाला खालून फिरवून उंची कमी-जास्त करायचा बोल्ट द्यावा. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, पण तिच्याशिवाय हे सगळं गणित कोसळतं.

नळी निवडताना एक सोपा नियम लक्षात ठेवावा: ताठपणा उंचीवर अवलंबून असतो. भरीव पट्टीत तर तो उंचीच्या घनाच्या हिशोबाने वाढतो, पोकळ नळीत त्याहून थोडा कमी. १.२ मिलिमीटर जाडीचीच २५ बाय २५ची नळी आणि ४० बाय २०ची नळी घ्या. दुसरीला लोखंड २१ टक्के जास्त लागतं. ती उभी वापरली, म्हणजे ४०ची बाजू वर-खाली ठेवली, तर ती पहिलीपेक्षा सुमारे २.६५ पट ताठ असते. तीच नळी आडवी टाकली तर मात्र २५च्या नळीपेक्षाही किंचित कमजोर! आडव्या आणि उभ्यात तिपटीचा फरक. वेल्डरला हे नुसतं तोंडी सांगून भागत नाही, नकाशावर बाण काढून द्यावा.

कुणी विचारतं, हलकं हवं तर ॲल्युमिनियम का नको? वजन पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश, हे खरं. पण ताठपणाही साधारण एक-तृतीयांश. त्याच मापाची नळी तिपटीने वाकेल, मग ती मोठी घ्यावी लागेल आणि खोकं पुन्हा फुगेल. पलंगापुरतं मला पोलादच बरं वाटतं.

गादीखालच्या आडव्या पट्ट्यांकडे लोक दुर्लक्ष करतात. ७८ इंच लांबीत ३ इंची पट्टी आणि ३ इंची फट ठेवली, तर १३ पट्ट्या लागतात. फोमच्या गादीला यापेक्षा मोठी फट देऊ नये, गादी फटीत उतरते आणि वर्षभरात तिला खळगे पडतात. मधोमध उभी दांडी दिली, तर प्रत्येक पट्टी पाच फुटांऐवजी अडीच फुटांची होते आणि खोक्यातही मावते. जाडीचा नियम वरचाच: १२ मिलिमीटरऐवजी १९ मिलिमीटर जाड पट्टी घेतली, तर ती जवळपास चौपट ताठ. या पट्ट्या नवारीच्या दोन फितींवर ठोकून द्याव्यात. मग त्या गुंडाळून खोक्यात जातात, उलगडल्या की आपोआप सारख्या अंतरावर बसतात.

वजन किती धरायचं? दोन मोठी माणसं आणि गादी मिळून दोनशे किलोच्या आत-बाहेर. पण माणूस पलंगावर अलगद टेकत नाही. हळूच ठेवलेल्या वजनापेक्षा एकदम सोडलेलं वजन दुप्पट ताण देतं, आणि वरून पडलेलं त्याहून जास्त. पोरं उड्या मारणारच. म्हणून दुप्पट धरूनच चालावं.

अजून एक हालचाल आहे, ती म्हणजे आडवं झुकणं. वरून बघितलं तर पलंग एक चौकोन, आणि चारही कोपरे ढिले असले तर रिकामी काड्यापेटी दाबल्यावर कशी तिरकी होते, तसा तो तिरका होतो. पलंग ओढून केर काढताना हे नेमकं होतं. कोपऱ्यात आतल्या बाजूने त्रिकोणी पट्टी लावली, की चौकोन हलत नाही. जोडून झाल्यावर टेपने दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही सारखे भरले की पलंग काटकोनात बसला.

आता पाऊस. एकाच बेळगाव जिल्ह्यात कणकुंबी-जांबोटीचा धो-धो पाऊस आणि अथणीकडचं कोरडं ऊन, तेव्हा इथे बनणाऱ्या पलंगाला दोन्ही झेपलं पाहिजे. पार्टिकल बोर्ड कणकुंबीच्या बाजूला पाठवूच नये. त्याच्या कापलेल्या कडांनी ओल आत शिरते, कडा फुगतात, आणि फुगलेला बोर्ड वाळला तरी पूर्ववत होत नाही. अस्सल लाकूड फुगतं आणि परत आकसतं, पण रुंदीत. लांबीत त्याचा बदल नगण्य. त्यामुळे साइडची दांडी लांबीत स्थिर राहते, हेडबोर्डची रुंद फळी मात्र पावसाळ्यात आणि मार्चमध्ये सारखी नसते. ती चौकटीत घट्ट चिकटवून टाकली, तर उन्हाळ्यात तडकते. तिला खाचेत सैल बसवावी किंवा बोल्टाची भोकं लांबट ठेवावीत. लोखंडाचं दुखणं वेगळं. पावडर कोटिंग, म्हणजे भुकटी उडवून भट्टीत भाजलेला रंग, नळीच्या आत पोचत नाही. फरशी पुसताना पाणी पायातून वर चढतं आणि नळी आतून गंजते. पायाला प्लास्टिकची टोपी आणि खालच्या बाजूला एक बारीक निचऱ्याचं भोक, एवढ्याने बराच फरक पडतो. बोल्ट, आकडे यांना रंगाऐवजी झिंकचा मुलामा हवा, कारण जोडताना-खोलताना रंग खरवडून निघतोच.

खोकं गिऱ्हाइकाच्या घरी पोचलं की पुढचं काम त्याच्या हातात. इथे एक फोन ठरलेला: “अहो मामा, सगळं झालं, पण शेवटचा बोल्ट बसंना झालाय!” कारण बहुतेक एकच. पहिले बोल्ट त्याने पूर्ण आवळून टाकलेले असतात, त्यामुळे चौकट तिरकी धरली जाते आणि शेवटचं भोक जुळत नाही. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे लावून सोडायचे, कर्ण मोजायचे, मग आवळायचे. ही सूचना कागदाच्या अगदी वर, मोठ्या चित्रात असावी. चित्रात अशासाठी की आपल्या भागात पलंग कुणाच्या घरी जाईल सांगता येत नाही. घरातली आजी मराठी वाचते, शेजारची मुलं कन्नड, मदतीला आलेला कामगार कदाचित दोन्ही नाही. मराठी अंक आणि कन्नड अंकही वेगळे. म्हणून भागांवर अंक टाकण्यापेक्षा पंचाने (हातोडीने ठोकायच्या टोकदार पोलादी अवजाराने) ठिपके मारावेत: एक ठिपका एका ठिपक्याला, दोन ठिपके दोन ठिपक्यांना. रंगाखालीही ते बोटाला लागतात, आणि पाच वर्षांनी चिकटपट्टी निघून गेली तरी राहतात. सगळ्या पलंगात एकाच मापाचा बोल्ट आणि एकच एलन की (षटकोनी चावी) पुरेल असं डिझाइन करावं. दोन-तीन बोल्ट जास्त द्यावेत. लोखंडाला लोखंड घासतं तिथे नायलॉनचा वॉशर घातला, की कुरकुर बरीच कमी होते. आणि आठवडाभर झोपल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळायला सांगावं, कारण नव्या जोडातला रंग दबून थोडी ढिलाई येतेच.

धंद्याची एक बाब थोडक्यात. बेळगावच्या कारागिराचं गिऱ्हाईक वीस-पंचवीस किलोमीटरवर चंदगड तालुक्यात असतं, पण ते दुसऱ्या राज्यात. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या विक्रेत्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असलेल्या विक्रेत्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यात खोकी पाठवायची असतील, तर नेहमीची नोंदणी करावी लागते. डिझाइन तयार झाल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

राहिलं खोकं. नळीचं उघडं टोक पुठ्ठ्याला आतून भोसकतं, म्हणून प्रत्येक टोकाला टोपी आणि आत पुठ्ठ्याची दुहेरी घडी. जड दांड्या तळाला, हेडबोर्डचे तुकडे वर, रंगलेले पृष्ठभाग एकमेकांना न लागतील असे. बोल्टांची पिशवी सुटी टाकू नये, एखाद्या दांडीला घट्ट बांधावी. ३८ किलोंचं एक खोकं करण्यापेक्षा वीस-वीसच्या आतली दोन करावीत आणि दोन्हींवर “२ पैकी १”, “२ पैकी २” असं ठळक लिहावं, मराठीत आणि कन्नडमध्ये. पहिलं भरलेलं खोकं पाठवण्याआधी ते गुडघ्याच्या उंचीवरून आधी कोपऱ्यावर, मग कडेवर, मग सपाट पाडून बघावं. उघडल्यावर रंग खरवडलेला दिसला, तर खोक्यातली मांडणी बदलायची. पलंग जुळला नाही, तर कोपऱ्याचा जोड बदलायचा.